ज्या कातळाला बर्फ भेटला नाही

वेरूळला आलेला माणूस मूर्ती पाहतो, खांब पाहतो, कैलासाच्या शिखराकडे मान वर करून बघतो. ज्या कातळातून हे सगळं निघालं, त्याच्यासाठी थांबणारे थोडे. पण लेण्यांच्या रांगेत एखाद्या अर्धवट सोडलेल्या भिंतीजवळ उभं राहिलं, की कातळाचे दोन स्वभाव हाताला कळतात. एके ठिकाणी तो घट्ट, काळसर करडा, बोट फिरवलं तर गार लागणारा. थोडं वर गेलं की तोच दगड छिद्राछिद्रांचा होतो. कुठे मोहरीएवढं छिद्र, कुठे बोराएवढं. कुठे रिकामं, तर कुठे पांढऱ्या-हिरवट स्फटिकांनी गच्च भरलेलं. विहिरी खणणारे लोक घट्ट दगडाला काळा पाषाण म्हणतात आणि छिद्रांच्या, जरा मऊ दगडाला मांजऱ्या. या डोंगररांगांत आणखी फिरलं, तर दोन थरांच्या मधे विटकरी रंगाची मातकट पट्टीही दिसते. एका ओळीत, दूरवर जाणारी.

पाषाण, मांजऱ्या आणि लाल पट्टी. तिन्ही मिळून ती एक जबानी आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वितळलेला खडक वर आला आणि उघड्यावर पसरला. त्याच्या पोटातले वायू बुडबुडे होऊन वर चढले आणि वरची साय थिजली तसे तिथेच अडकले. मग बराच काळ शांत गेला. उन्हापावसानं वरचा भाग कुजून त्याची तांबूस माती झाली. तिच्यावर पुढचा लाव्हा आला आणि माती भाजून निघाली. म्हणजे या कातळाला हवा भेटली, माती भेटली, काही ठिकाणी तळीही भेटली. बर्फ मात्र भेटला नाही.

आज हे चार वाक्यांत सांगता येतं. ते कळायला शंभराहून अधिक वर्षं लागली. आणि नवल असं, की हा काळा कातळ वाचायला शिकलेल्या माणसानं त्याआधी भारतातच एका जुन्या बर्फाची खूण वाचली होती.

पेशवाई बुडून सहा वर्षं झाली होती. १८२४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानं नव्यानं हाती आलेल्या मुलखाची माहिती गोळा करायला विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला नेमलं. माणसं, पिकं, पक्षी, मासे, हवामान असं सगळंच साइक्स टिपत गेला. डोंगरांचा आकार त्याच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. घाटात उभं राहून समोर पाहिलं, की उभा कडा, मग सपाट कट्टा, पुन्हा कडा, पुन्हा कट्टा. जिनाच. युरोपात अशा पायऱ्यांच्या काळ्या खडकाला स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून ‘ट्रॅप’ म्हणायची रीत होती. साइक्सनं दख्खनच्या भूगर्भावरचा निबंध १८३०च्या दशकात लंडनमध्ये प्रसिद्ध केला आणि ‘दख्खनचा ट्रॅप’ हे नाव जगभर गेलं. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या अमलाखाली होता, साइक्सच्या हद्दीबाहेर. पण दगडाला हद्द नव्हती. तोच जिना देवगिरीच्या किल्ल्यापासून अजिंठ्याच्या घळीपर्यंत आणि तिथून पूर्वेला नागपूरपर्यंत पसरला होता. आजही या खडकानं सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापलेली आहे.

नाव मिळालं. हा खडक आला कुठून आणि पसरला कसा, हे कोडं मात्र तसंच राहिलं. ज्वालामुखी म्हटलं की व्हेसुव्हियससारखा शंकू डोळ्यांसमोर येई, आणि दख्खनमध्ये शंकू कुठेच सापडेना. त्यातून थर इतके सपाट, की हे सगळं पाण्याखालीच बसलं असावं, असं अनेकांना वाटे. समुद्राचा किंवा मोठ्या तळ्याचा तळ असल्याशिवाय एवढी सपाटी येईल कशी?

या समजाला पहिला आधार आणि पहिला धक्का, दोन्ही पूर्वेकडून मिळाले. १८३७ मध्ये जॉन माल्कमसन यानं ट्रॅपच्या पूर्वेकडच्या भागातले जीवाश्म जगापुढे आणले. पुढे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी टाकळीजवळच्या थरांत गोगलगायींचे शंख, माशांचे खवले, फळं, बिया, इतकंच काय, भुंग्यांच्या पंखांची कवचंही शोधली. लाव्हाच्या दोन थरांच्या मधे, सँडविचसारखा, एका जिवंत तळ्याचा गाळ! शंख समुद्रातले नव्हते, गोड्या पाण्यातले होते. म्हणजे समुद्र बाद झाला. तळी होती हे नक्की झालं. पण लाव्हा तळ्यांच्या तळाशी पसरला की तळ्यांवर येऊन पडला, हा वाद उरलाच. हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरमध्ये नागपूरजवळ पुराच्या पाण्यात वाहून गेले. एका मिशनऱ्यानं फावल्या वेळात केलेलं काम किती पक्कं असावं? आजही नागपूरच्या भूगर्भाविषयी लिहिणारा माणूस त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

यानंतर या कहाणीत दोन भाऊ येतात.

१८५५ मध्ये बाविशी-तेविशीतला विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड आणि त्याचा धाकटा भाऊ हेन्री हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात नोकरीला लागून कलकत्त्याला उतरले. खात्याचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांनी दोघांना विल्यम थिओबाल्डच्या जोडीला ओडिशातल्या तालचेरच्या कोळशाच्या मुलखात धाडलं. काम कोळशाचं होतं. पण कोळशाच्या खालच्या थरात एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांना खुपली. बारीक, मऊ, जवळजवळ पिठासारखा गाळ. आणि त्यात रुतून बसलेले भलेमोठे धोंडे. त्यांतले काही धोंडे दूरवरच्या खडकाचे. नदीनं धोंडे आणले म्हणावं, तर इतक्या जोराचं पाणी गाळाला तिथे ठरू देणार नाही. गाळ ठरला म्हणजे पाणी शांत होतं; मग धोंडे कुणी आणले? उत्तर एकच उरत होतं आणि ते उच्चारायला धाडस हवं होतं. बर्फानं.

त्या काळात हे म्हणणं किती अवघड होतं, हे ध्यानात घ्यायला हवं. युरोपवर एके काळी बर्फाची चादर होती, हा लुई अगासीचा सिद्धान्त १८४० चा. तोच अजून पुरता पचला नव्हता. आणि इथे तीन तरुण सांगत होते, की ज्या मुलखात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो, तिथे कधी काळी बर्फ धोंडे वाहून नेत होता. पुष्कळांनी नकारार्थी मान हलवली. दुसरा पुरावा मिळेपर्यंत जवळपास वीस वर्षं गेली, आणि तो महाराष्ट्रात मिळाला.

चंद्रपूरच्या पश्चिमेला, पैनगंगेच्या काठी, इरई गावाजवळ. तिथे त्याच तालचेर काळातला धोंड्यांचा थर चुनखडीवर बसलेला आहे. थर निघून गेलेल्या जागी चुनखडीचा माथा उघडा पडला होता, आणि तो घासून लख्ख केल्यासारखा होता. गुळगुळीत पाठ, आणि तिच्यावर एकाच दिशेनं ओढलेल्या समांतर रेघा, खोबणी. पाट्यावर वरवंटा वर्षानुवर्षं एकाच अंगानं फिरावा तशा. नुसत्या पाण्यानं दगड गुळगुळीत होतो, पण अशा सरळ रेघा ओढत नाही. त्यासाठी धोंडे बर्फात घट्ट रुतलेले असावे लागतात आणि तो बर्फ वरून प्रचंड वजनानं सरकावा लागतो. ओल्डहॅम आणि फ्रान्सिस फेडन यांनी ती जागा पाहिली आणि १८७५ मध्ये फेडननं त्यावर टिपण लिहिलं. त्याच्या शीर्षकातच ‘उष्णकटिबंधातला भारत’ आणि ‘बर्फ’ हे शब्द शेजारी शेजारी होते.

आज आपल्याला ठाऊक आहे, की तो बर्फ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा. भारत तेव्हा अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया यांना चिकटून दूर दक्षिणेला होता. वेरूळपासून इरई रस्त्यानं पाचेकशे किलोमीटर. काळाचं अंतर मात्र २३ कोटी वर्षांहून जास्त. एकाच राज्यात आग आणि बर्फ दोन्हींची मुद्रा आहे, पण या भूमीवर त्यांची गाठ पडलीच नाही.

तालचेरनंतर विल्यम ब्लॅनफर्ड पश्चिमेकडे आला. १८६२ ते १८६६ या वर्षांत तो मुंबई इलाख्यात, तापी आणि नर्मदेच्या खोऱ्यांत हिंडला आणि ट्रॅपवरचा त्याचा मोठा अहवाल त्यानंतर छापून आला. इथेही त्याची पद्धत तीच होती: मोठ्या कल्पनेला हात घालण्याआधी थर कसा बसलाय, हे पाहायचं. थरांच्या माथ्यावरची छिद्रं त्यानं पाहिली. थरांमधला लाल गेरूसारखा भाग पाहिला. समुद्री जीवांचा मागमूस या थरांत नाही आणि गोड्या पाण्याचे गाळ तुकड्यातुकड्यांनी, मधूनच येतात, हे पाहिलं. निष्कर्ष स्वच्छ निघाला. लाव्हा उघड्या जमिनीवर पसरला. तळी होती, पण ती लाव्हाच्या उंचसखल पाठीवर साठलेली, पुढच्या थराखाली गाडली गेलेली. १८६७-६८ मध्ये मुंबईहून निघालेल्या ॲबिसिनियाच्या मोहिमेबरोबर त्याला पाठवलं गेलं, तेव्हा तिथल्या पठारावरही त्यानं असेच पायऱ्यांचे काळे थर पाहिले आणि दख्खनशी त्यांची तुलना केली.

बर्फ आणि आग, दोन्हींची लिपी एकाच माणसाच्या हाताखालून गेली, ही गोष्ट या इतिहासात फारशी सांगितली जात नाही. सांगायला हवी. गाळात रुतलेल्या धोंड्याला ‘तुला कुणी आणलं’ असं विचारणारा माणूसच छिद्राच्या दगडाला ‘तू कुठे थिजलास’ असं विचारू शकतो.

पण लाव्हा उघड्यावर न पसरता बर्फाखाली फुटला असता, तर त्याचं काय झालं असतं, हे ब्लॅनफर्डलाही माहीत नव्हतं. ते उत्तर आलं विसाव्या शतकात, उत्तर अटलांटिकमधल्या एका बेटावरून.

आइसलँड दख्खनसारखंच काळ्या बेसाल्टचं आहे. तिथेही लाव्हा भेगांतून येतो. फरक इतकाच, की हिमयुगात त्या बेटावर शेकडो मीटर जाडीचा बर्फ होता आणि ज्वालामुखी त्याखाली जागे होते. तिथे मधूनच एकेकटे, सपाट माथ्याचे, उभ्या कडांचे डोंगर दिसतात. त्यांतला सर्वांत देखणा हेर्दुब्रेइद, उंची १६८२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडाच उंच. लांबून पाहणाऱ्या मराठी माणसाला तो घरचाच वाटेल. म्हैसमाळ, पाचगणी किंवा कुठल्याही गडाचा माथा असाच टेबलासारखा. माळ हा शब्दच आपण त्यासाठी राखून ठेवला आहे.

पण जवळ गेलं की नातं तुटतं. १९४३ मध्ये आइसलँडच्या गुद्मुंदुर क्यार्तान्सन यांनी आणि १९४७ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या तशाच डोंगरांवर काम करणाऱ्या विल्यम मॅथ्यूज यांनी, एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर राहून, या डोंगरांचं गुपित उलगडलं. मॅथ्यूजनी त्यांना तिथल्या एका डोंगराच्या नावावरून ‘टुया’ म्हटलं.

असा डोंगर तळापासून वर वाचायचा. सर्वांत खाली उशांसारखे गोल गोल दगड एकमेकांवर रचलेले. जाड बर्फाखाली लाव्हा फुटला, भोवतालचा बर्फ वितळून पाण्याची पोकळी झाली, आणि वरच्या ओझ्याखाली दबलेल्या त्या पाण्यात लाव्हाचे लोळ बाहेरून झटकन थिजले. आत पातळ, बाहेर साल. त्याच्या वर पिवळट तपकिरी, भुसभुशीत खडक, ज्याला आइसलँडची माणसं मोबर्ग म्हणतात. बर्फ पातळ झाला, दाब कमी झाला, आणि मग तापल्या लाव्हाची आणि पाण्याची भेट सुखाची राहिली नाही. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. ती जागा बंदिस्त खोलीत मागितली, की स्फोट. लाव्हाच्या काचेचे कण कण होतात आणि त्याच कणांचा पुढे मोबर्ग बनतो. सर्वांत वर, टोपीसारखा, साधा लाव्हाचा थर, आपल्या वेरूळसारखा. डोंगर पाण्याबाहेर आला तेव्हा तो उघड्या हवेत पसरला. उशा आणि काच संपून साधा थर जिथे सुरू होतो, ती रेघ म्हणजे त्या काळच्या पाण्याची पातळी, आणि तिच्यावरून बर्फ किती जाड असावा याचा अंदाज बांधता येतो. बर्फ कधीच वितळून गेला. त्याची उंची दगडात कोरून राहिली.

म्हैसमाळच्या सपाटीचं कारण वेगळं. तिथे एका अखंड पसरलेल्या लाव्हाथराचा घट्ट भाग टिकला आणि भोवतालचा भाग पाण्यानं कोट्यवधी वर्षांत झिजवून नेला. टुया बर्फाच्या साच्यात वाढला. म्हैसमाळ कोरून उरला. तेच बेसाल्ट, तीच सपाटी, आणि जन्मकथा अगदी उलट.

खांबांचीही तीच गोष्ट. लाव्हा थंड होताना आक्रसतो, तडकतो आणि पाच-सहा कोनांचे खांब तयार होतात. खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात वाढतात. पन्हाळ्याजवळ बांदिवडे इथे ते उभे आहेत, कारण थंडावा वरून आणि खालून आला. लाव्हा जिथे बर्फाच्या भिंतीला टेकून थिजला, तिथे खांब आडवे वाढतात, लाकडाच्या मोळीसारखे. आणि पाणी तडांत शिरलं असेल तर ते बारीक, वेडेवाकडे होतात.

दख्खनच्या लाव्हाला पाणी अगदीच भेटलं नाही असं नाही. मुंबईच्या बेटांवर उशांचा लाव्हा आणि काचेच्या चुऱ्याचे खडक सापडतात. वरळीच्या थरांत तर छोट्या बेडकांचे सांगाडे मिळाले आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. मराठवाडा या बाबतीत कोरडा. वेरूळ-दौलताबादच्या दगडात पाण्याची खूण आहे ती नंतरची, जमिनीखाली झिरपलेल्या पाण्याची. बुडबुड्यांच्या रिकाम्या जागांत त्यानं हळूहळू स्फटिक भरले. आपण पांढऱ्या दगडाला गार म्हणतो आणि आभाळातून पडणाऱ्या बर्फालाही गार म्हणतो. मराठवाड्याला बर्फ ठाऊक आहे तो एवढाच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गव्हा-ज्वारीच्या उभ्या पिकांवर आणि फळबागांवर पडलेल्या गारांचा.

बर्फाखालचा ज्वालामुखी आज प्रत्यक्ष पाहता येतो, आणि तो पाहिला की दख्खनमध्ये काय घडलं नाही, हे जास्त नीट कळतं. ३० सप्टेंबर १९९६ च्या रात्री आइसलँडच्या वात्नायोकुल या हिमचादरीखाली ग्याउल्प इथे उद्रेक सुरू झाला. सुमारे ५०० मीटर जाडीचा बर्फ फोडून वर यायला त्याला जेमतेम तीस तास लागले. पाणी लगेच बाहेर आलं नाही. ते शेजारच्या ग्रिम्सवॉत्न या बर्फाखालच्या तळ्यात साठत राहिलं, महिनाभर. लोकांनी रस्ता बंद केला आणि वाट पाहिली. ५ नोव्हेंबरला बर्फाचा बांध उचलला गेला आणि तीन घन किलोमीटरहून अधिक पाणी दोन दिवसांत समुद्राकडे धावलं. घराएवढे बर्फाचे तुकडे त्यात वाहत होते. वाटेतल्या वाळूच्या सपाट मैदानावरचे पूल मोडले, लोखंडी तुळया पिळल्या गेल्या. माणूस एकही दगावला नाही, कारण त्या देशाला या पुराची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे. त्यासाठी त्यांच्या भाषेत शब्दच आहे, योकुलह्लाउप, हिमनदीची धाव.

ओळख असूनही ऐकलं नाही, तर काय होतं ते कोलंबियानं पाहिलं. १३ नोव्हेंबर १९८५ ला नेवादो देल रुइझ या बर्फाच्छादित ज्वालामुखीचा उद्रेक तसा लहानच होता. माथ्यावरच्या बर्फाचा साधारण दहावा हिस्सा वितळला. तेवढं पाणी राख, माती, धोंडे घेऊन नद्यांच्या खोऱ्यांतून उतरलं आणि सुमारे अडीच तासांनी आर्मेरो गावावर आलं. २३ हजारांच्या आसपास माणसं चिखलाखाली गेली. धोक्याचा नकाशा त्याआधी काही आठवडे तयार झालेला होता.

आणि २०१०. आइसलँडच्या एयाफ्यात्लायोकुल या ज्वालामुखीचं नाव उच्चारता न येणाऱ्यांनाही त्याचा एप्रिल आठवत असेल. त्याच डोंगराच्या कुशीत, बर्फ नसलेल्या एका खिंडीवर, मार्चमध्ये लाव्हाची कारंजी उडत होती आणि लोक ती पाहायला चालत जात होते. १४ एप्रिलला उद्रेक माथ्यावर, सुमारे २०० मीटर बर्फाखाली सरकला. शिलारसही बदललेला, जास्त चिकट. त्यात वितळलेल्या बर्फाचं पाणी. दोन्ही मिळून काचेसारखी बारीक राख कित्येक किलोमीटर वर गेली. युरोपचं आभाळ जवळपास आठवडाभर बंद झालं, सुमारे १ लाख उड्डाणं रद्द झाली. मुंबईहून लंडनला निघणारी विमानंही जमिनीवरच राहिली.

दख्खनच्या कहाणीशी सर्वांत जवळचा उद्रेक मात्र याहून जुना, लाकीचा. ८ जून १७८३ ला आइसलँडमध्ये सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली. ती वात्नायोकुलच्या बर्फाच्या काठापर्यंत गेली. हिमनदीच्या पाण्यानं दुथडी वाहणारी स्काफ्ता नदी एकाएकी आटली आणि काही दिवसांनी तिच्याच घळीतून पाण्याऐवजी लाव्हा बाहेर आला. गावचे पाद्री योन स्टेइनग्रिम्सन यांनी हे सगळं दिवसागणिक लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला ते दिसतं. आठ महिन्यांत सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा आला. पण माणसं मेली ती विषारी धुक्यानं, गवत जळल्यानं, गुरं मेल्यानं, उपासमारीनं. देशातला पाचातला एक माणूस गेला. गंधकाच्या त्या धुक्यानं उत्तर गोलार्ध थंडावला आणि आपला मान्सूनही कमजोर झाला असावा, असं हवामानाची आजची प्रारूपं सांगतात. त्याच सुमारास, विक्रम संवत १८४० मध्ये, उत्तर हिंदुस्थानात ‘चालीसा’ नावाचा भयंकर दुष्काळ पडला. त्याचा सगळा दोष लाकीवर टाकता येत नाही, पण दोन्ही घटना एकाच काळात घडल्या हे खरं.

लाकीनं भूवैज्ञानिकांना दाखवलं, की शंकूशिवाय, नुसत्या भेगेतून, लाव्हा मुलूख भरून टाकू शकतो. दख्खनमधले एकेक उद्रेक त्याच्या कितीतरी पट मोठे, काही तर हजार घन किलोमीटरच्या पुढचे. पश्चिमेकडून निघालेला लाव्हा थेट राजमहेंद्रीपर्यंत, सुमारे हजार किलोमीटर गेला, असं मानलं जातं. वाटेत तो थंड कसा झाला नाही? पुण्याच्या रेमंड दुरैस्वामी, निनाद बोंद्रे, गौरी डोळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या वर्षांत पश्चिम दख्खनच्या थरांवरचे फुगवटे, सालीवरच्या सुरकुत्या, थरांतले थर तपासले. त्यांतून उत्तर दिसतं. लाव्हा धावला नाही, सरकला. त्यानं आपल्यावर साय धरली आणि सायीखाली ऊब राखून तो आतून फुगत, पुढे फुटत, पुन्हा फुगत गेला. अशा मंद वाटचालीला शांत, उघडी जमीन लागते. वाटेत हिमनदी असती, तर ही साय टिकली नसती. दगडाचा चुरा झाला असता, आणि चुऱ्यात कैलास कोरता येत नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातल्या कारागिरांनी तीस मीटरहून उंच कातळ वरून खाली उतरवत नेला, तो त्याच्या अखंडपणाच्या भरवशावर.

धाकट्या ब्लॅनफर्डची वाटही अखेर बर्फाकडेच गेली. हेन्री १८७५ मध्ये भारताच्या नव्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. पुढच्याच वर्षी दख्खनमध्ये १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ सुरू झाला. हिमालयात उशिरापर्यंत जास्त बर्फ राहिला की पाऊस कमी होतो, हे हेन्रीनं १८८४ मध्ये मांडलं. औरंगाबादेच्या शेतकऱ्यानं कधी न पाहिलेला बर्फ त्याच्या ज्वारीचं भवितव्य ठरवतो, असा त्याचा अर्थ होता.

आणि दख्खनच्या कातळाचा बर्फाशी एक दूरचा संबंध आहेच. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्यानं बेसाल्ट कुजतो, आणि तो कार्बन कॅल्शियमबरोबर वाहत समुद्रात जाऊन चुनखडीत बंद होतो. बेसाल्ट हे काम इतर खडकांपेक्षा झपाट्यानं करतो. हा सगळा काळा मुलूख पाठीवर घेऊन भारत उत्तरेला सरकत विषुववृत्ताच्या उष्ण, दमट पट्ट्यातून गेला, तेव्हा ही झीज जोरात चालली. हवेतला कार्बन कमी झाला, पृथ्वी थंडावली आणि सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर हिमचादर बसली, त्यात दख्खनच्या या झिजेचा वाटा होता, असं काही शास्त्रज्ञ मानतात. ज्या कातळाला बर्फ भेटला नाही, त्यानं कुजता कुजता दूरवर बर्फ जमवायला हातभार लावला असेल.

ती झीज अजून थांबलेली नाही. मराठवाड्याची काळी माती तिचीच. पावसाळ्यात वेरूळला एकोणतिसाव्या लेण्याशेजारी, सीतेच्या नहाणीवर, येळगंगेचा धबधबा कोसळतो. पहिल्या जोराच्या पावसानंतर त्याचं पाणी गढूळ तांबूस असतं; मांजऱ्याच्या छिद्रांतून, लाल पट्टीवरून, पाषाणाच्या कडेवरून ते कण कण दगड सोबत घेतं आणि गोदावरीकडे निघतं.